अंगाखालची थंडी

विदर्भ म्हटला की बाहेरच्या माणसाला उन्हाळा आठवतो. पंचेचाळीस अंशांचा मे महिना, कूलरला लावलेला वाळा, डोक्याला गुंडाळलेले दुपट्टे यांच्या वर्णनांनी आपल्याकडचे बोलणे आणि लिहिणे भरलेले असते. हिवाळ्याविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. घरात धान्य आणि अंगावर ऊबदार वस्त्र असणाऱ्यास आमच्याकडचा हिवाळा सुखाचाच वाटतो. तुरीच्या सोल्यांची भाजी, सोलेभात, बाजारात लागलेले संत्र्यांचे ढीग आणि दारापुढची शेकोटी, असे त्याचे रूप असते. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्यासाठी हाच ऋतू उन्हाळ्याइतकाच जिवावरचा होतो. या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आम्हांस २०१८ सालचा डिसेंबर आठवला. त्या हिवाळ्यात आमचे घर, आमची वस्ती आणि आपले विद्यालय ही तिन्ही एकाच कामाला लागली होती. त्या कामातून जे शिकावयास मिळाले ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२९ डिसेंबर २०१८ रोजी, शनिवारी पहाटे, नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आले. शहराच्या नोंदींतील हा नीचांक असल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. एरवी डिसेंबरात येथील पहाट बारा अंशांच्या आसपास असते. मैदानी प्रदेशात पारा चार अंशांवर किंवा त्याखाली गेला की भारतीय हवामान विभाग त्यास थंडीची लाट म्हणतो. म्हणजे त्या पहाटे नागपूर नेमके लाटेत सापडले होते. याचे कारण समजण्यास अवघड नाही. हिमालयात बर्फ पडून गेले की उत्तरेकडून कोरडे, गार वारे मध्य भारतात उतरतात. विदर्भ समुद्रापासून दूर. हवेत दमटपणा नाही आणि आकाशात ढग नाहीत. दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब रात्री मोकळ्या आकाशाकडे सोडून देते आणि पहाटेपर्यंत दगडासारखी गार पडते. जमीन गार पडते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सारी हकिकत तिच्याभोवतीच फिरते.

आमचे घर उत्तर नागपुरातील एका जुन्या वस्तीत आहे. दोन खोल्या पक्क्या, मागची पडवी टिनाची. त्या वर्षी घरात आम्ही पाच माणसे होतो. ऐंशी वर्षांची आई, आम्ही उभयता, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी आणि दहावीच्या परीक्षेला बसावयाचा मुलगा. आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कताई खात्यात कामास होते. जमशेटजी टाटांनी उभारलेली ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, सुरू झाली होती आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. सव्वाशे वर्षे या शहराने देशाला कापड पुरविले. त्या कापडामागे राबणाऱ्या हातांत आमच्या समाजाचे हात पुष्कळ होते. त्याच शहरात ऐन हिवाळ्यात माणसे अपुऱ्या वस्त्रानिशी रस्त्यावर निजतात, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्यास अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

आईचे बालपण भंडारा जिल्ह्यातील धानाच्या मुलखात गेले. घर कुडाचे, अंथरूण तणसाचे. आठ माणसांत दोन गोधड्या होत्या. त्या काळच्या हिवाळ्याविषयी विचारले की आई आपल्या बोलीत सांगे, “थंडी वरून नाही येत बाबू, खालून येते. आंगावर काय हाये ते मंग पाय, आंगाखाली काय हाये ते आधी पाय.” आमच्या मुलीने हेच पुढे आपल्या अभ्यासक्रमाच्या भाषेत सांगितले. गार जमिनीला टेकलेले शरीर आपली ऊब जमिनीला देत राहते आणि वर कितीही जाड पांघरूण असले तरी हा झरा थांबत नाही. आजीचे वाक्य अडाण्याचे आणि नातीचे शास्त्राचे, असा भेद आमच्या घरात कोणी केला नाही. दोघीही एकच गोष्ट सांगत होत्या.

या संदर्भात विनयपिटकातील एक कथा आम्ही वर्गात नेहमी सांगतो. महावग्गाच्या चीवरविषयक खंडात ती आली आहे. काही भिक्खू चीवरांची गाठोडी डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेवर लादून वाटचाल करीत असलेले तथागतांनी पाहिले. किती वस्त्रे पुरेत याची मर्यादा घालणे आवश्यक झाले. तेव्हा वैशालीच्या गोतमक चैत्यात, माघ-फाल्गुनाच्या संधीवरील हिमपाताच्या कडाक्यात, तथागत एक चीवर पांघरून रात्री उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली, तेव्हा त्यांनी दुसरे चीवर घेतले. मधला प्रहर सरल्यावर तिसरे आणि अखेरचा प्रहर सरून उजाडता उजाडता चौथे. त्यानंतर दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक अशा तीन चीवरांची अनुज्ञा त्यांनी दिली. संघाटी दुहेरी धरली तर थर चारच भरतात. हा नियम अंदाजाने केलेला नाही. आधी रात्र स्वतःच्या अंगावर काढली आणि मग माप ठरविले. तेही माप काटक माणसाचे धरले नाही. ज्याला थंडी फार बाधते, जो थंडीला भितो, त्यालाही पुरेल असे ते धरले. मदतीचे माप कोणाच्या अंगावरून घ्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेले आहे.

डिसेंबरच्या प्रारंभी आमच्या वस्तीतील विहारात बैठक झाली. थंडी वाढू लागली होती. नेहमीप्रमाणे वर्गणी काढून घोंगड्या घ्याव्यात, एखाद्या मान्यवराच्या हस्ते त्या वाटाव्यात, मागे फलक असावा, अशी सूचना पुढे आली. सूचना करणाऱ्यांची तळमळ खरी होती. परंतु आमच्या पत्नीने उभे राहून विचारले, “घोंगडी किती जणांना हवी आहे, ते आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे का?” सभेत कोणालाच ते ठाऊक नव्हते. तेव्हा असे ठरले की आधी तीन रात्री फिरावयाचे, कोणालाही काही द्यावयाचे नाही, केवळ पाहावयाचे आणि लिहून घ्यावयाचे. एक वही केली. तिच्यात रकाने पाडले. माणसाचे नाव काय. अंगाखाली काय आहे. अंगावर काय आहे. वारा कोणत्या बाजूने लागतो. त्याला स्वतःला काय हवे आहे. जात आणि धर्म यांचा रकाना नव्हता. नावाचा रकाना मात्र पहिलाच होता, कारण ज्याचे नाव विचारले नाही त्याला देऊ केलेली वस्तू ही भीक होते, असे आमच्या तरुण स्वयंसेवकांचे म्हणणे पडले आणि ते सर्वांना पटले. छायाचित्रे काढावयाची नाहीत, हेही त्याच बैठकीत ठरले.

त्या तीन रात्रींत इतवारीच्या बाजारपेठेत ठेल्यांवर निजणारे हमाल भेटले. माल विकून पहाटेच्या गाडीची वाट पाहणारे शेतकरी भेटले. रेल्वे स्थानकाबाहेर मुलेबाळे घेऊन पडलेली, कामाच्या शोधात निघालेली कुटुंबे भेटली. एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात गडचिरोलीपासून मध्य प्रदेशातील बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्णांचे नातेवाईक फरशीवर प्लॅस्टिक अंथरून निजलेले होते. वहीची अकरा पाने भरली. ‘स्वतःला काय हवे आहे’ या रकान्याने आम्हां सर्वांना विचारात टाकले. पुष्कळांनी घोंगडी मागितलीच नव्हती. एका बाईला लेकराचे ओले कपडे वाळविण्यासाठी जागा हवी होती. दोन वृद्धांना पायमोजे हवे होते. रुग्णांच्या नातेवाइकांना पहाटे गरम पाणी हवे होते. आणि ‘अंगाखाली काय आहे’ या रकान्यात बहुतेकांपुढे एकच शब्द होता: फरशी.

येथून आपल्या विद्यालयाचा संबंध आला. वसतिगृहाच्या भोजनालयात तांदळाची आणि डाळीची रिकामी पोती साचलेली असतात, हे येथे राहून गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आठवी-नववीच्या मुलांनी ती धुऊन गच्चीवर वाळविली. धानाची मळणी नुकतीच आटोपली होती. भंडाऱ्याकडे वाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या टेम्पोतून तणस आणून दिले आणि भाड्याचा विषयही काढू दिला नाही. मुलांनी पोत्यांत तणस भरले, दाभण आणि सुतळीने तोंडे शिवली, मधून टाके घालून तणस एका बाजूस जमणार नाही अशी व्यवस्था केली. माणूसभर लांबीची, हाताच्या पंजाइतकी जाड अशी ही तणसाची गादी गुंडाळून काखेत धरता येते. आमच्या आईच्या बालपणीचे अंथरूण पासष्ट-सत्तर वर्षांनी शहरात परत आले. ज्या मुलांनी ही कामे केली त्यांपैकी कित्येक जण अशाच घरांतून आलेले होते. त्यांना हे काम परोपकाराचे वाटले नाही. एका मुलाने आपल्या गादीला टाके घालताना सहज म्हटले, “सर, माझा बाप पण पुण्याला साइटवर झोपतो.” त्या मुलाच्या गादीचे टाके इतरांपेक्षा जवळजवळ होते.

वस्तीतील महिलांनी गोधड्यांचे काम हाती घेतले. घरोघरची जुनी लुगडी, चादरी आणि सुती साड्या गोळा झाल्या. आपली जुनी गोधडी द्यावी, असे कोणीतरी आईस सुचविले. तिने स्पष्ट नकार दिला. “ही देली त एकाच्याच आंगावर जाईन. शिकून घ्या, मंग दहा होतीन,” असे ती म्हणाली. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या पडवीत दुपारी सुया चालत होत्या. कॉलेजात जाणाऱ्या मुली आईच्या हाताखाली धावदोरा शिकल्या. एक टाका लांब गेला की ती तो उसवावयास लावी. “परक्याच्या आंगावर जाचं हाये, आपल्यापेक्षा चांगलं पाह्यजे,” असे तिचे सांगणे असे.

या साऱ्याचा भार घरावर पडला नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. मुलाची सराव परीक्षा तोंडावर आली होती. पडवीत तणसाची धूळ उडून आईला खोकला झाला. पत्नी अंगणवाडीचे काम करून परत येई ती थेट चुलीपुढे. एके रात्री तिने शांतपणे सांगितले, “अहो, बाहेरच्यांची वही झाली, आता घरच्यांचीही एक करा.” आणि तिने ती स्वतःच केली. आईचे अंथरूण पडवीलगतच्या खोलीतून आतल्या खोलीत आले. पहाटेच्या फेरीला घरातून एका वेळी एकानेच जावयाचे, असा नियम झाला. मुलाने आठवड्यातून एकच रात्र द्यावी, तीही शनिवारची. तणस भरण्याचे काम विद्यालयातच राहील, घरी येणार नाही. समाजकार्य करणाऱ्या घरांत सर्वांत जास्त ओझे बहुधा स्त्रीच्या डोक्यावर येते आणि त्याची नोंद कोठे होत नाही. म्हणून येथे ती मुद्दाम करीत आहोत.

२९ तारखेच्या पहाटे फेरीवर मुलगी आमच्यासोबत होती. ख्रिसमसच्या सुटीत आलेले दोन माजी विद्यार्थीही होते. चारच्या सुमारास कळमन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंद दुकानाच्या ओट्यावर साठीचा एक मनुष्य पडलेला दिसला. त्याचे नाव वहीत नव्हते. शेजारी शेकोटी करून बसलेले लोक म्हणाले, “झिंगला हाये, राहू द्या सर.” तो काही बरळत होता, शब्द जड येत होते. मुलीने वाकून पाहिले; दारूचा वास नव्हता. तिने हाताची मागची बाजू त्याच्या सदऱ्याखाली पोटाला लावली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “बाबा, याचं पोटसुद्धा गार आहे. आणि हा कुडकुडत नाहीये.”

कुडकुडणे ही शरीराची स्वतःला ऊब देण्याची धडपड असते. शरीर थकले की ती थांबते, आणि पाहणाऱ्यास वाटते की माणूस आता शांत निजला. मुलगी जे सांगत गेली ते आम्ही करीत गेलो. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविली. त्याचे दवाने ओले झालेले धोतर बदलले. हळुवार उचलून तणसाच्या गादीवर घेतला. शेकोटीवाल्यांपैकी एक जण त्याचे हातपाय चोळू लागला, त्यास तिने थांबविले. हातापायांचे गार रक्त एकदम छातीकडे नेऊ नये, आधी छाती आणि पोट यांना ऊब द्यावी, असे ती म्हणाली. थर्मासमधील गरम पाणी गार पाण्यात मिसळून बाटल्यांत भरले आणि बाटल्या कापडात गुंडाळून त्याच्या काखांत ठेवल्या. दोन्ही माजी विद्यार्थी त्याला दोहों बाजूंनी बिलगून बसले आणि तिघांवर मिळून गोधड्या घातल्या. काही वेळाने तो थरथरू लागला. आम्ही घाबरलो, मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र तेव्हा प्रथमच उतरला. थरथर परत आली म्हणजे शरीर परत झुंजू लागले, असा त्याचा अर्थ होता.

तो मनुष्य वाचला. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात बोलला. बालाघाटकडचा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. काम बंद पडले, मजुरी मिळाली नाही, आणि गाडीभाड्यापुरते पैसे जमेपर्यंत तो त्या ओट्यावर राहत होता. वर्गणीतून त्याच्या तिकिटाची व्यवस्था झाली. पुढे त्याची भेट झाली नाही. वहीत त्याचे नाव लिहिताना मुलीने शेवटच्या रकान्यात ‘मजुरी’ असा शब्द लिहिला. त्याला काय हवे होते, याचे तेच खरे उत्तर होते.

येथे दुसरीही एक हकिकत सांगणे अवश्य आहे. एक वृद्ध सायकलरिक्षावाले रोज आपल्या रिक्षाच्या बैठकीवर मुटकुळे करून निजत. बेघर निवाऱ्यात चला, असे कितीदा म्हटले तरी ते येत ना. हट्टी म्हणून त्यांना सोडून देणे सोपे होते. परंतु वहीत त्यांच्या नावापुढे त्यांचेच शब्द लिहिलेले होते: “रिक्षा कोण पाहीन?” रिक्षा गेली तर पोट गेले. आमच्या मुलाने आपल्या शनिवारच्या फेरीत त्यांना जाड साखळी आणि कुलूप नेऊन दिले, निवाऱ्याच्या फाटकाला रिक्षा बांधून दाखविली आणि किल्ली त्यांच्या हाती ठेवली. त्या रात्रीपासून ते आत निजू लागले. त्यांची थंडी घोंगडीने जाणारी नव्हती. ती कुलपाने गेली.

बेघरांसाठी निवारा ही कोणाची मेहेरबानी नाही, हेही तरुणांनी जाणले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, दिल्लीच्या हिवाळ्याच्या पार्श्वभूमीवर, शहरांतील बेघरांच्या निवाऱ्यासंबंधी आदेश दिले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांना पुरेल असा कायमस्वरूपी निवारा असावा, अशी तरतूद झाली. संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीविताच्या अधिकारात माणसाला थंडीने मरू न देणे येतेच. म्हणून आमच्या वहीची एक प्रत आम्ही अर्जासह संबंधित कार्यालयात दिली. बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले ते हेच, की गरजवंताची गरज कागदावर आणावी आणि तिला हक्काचे नाव द्यावे. रात्री गादी पोहोचविणे आणि दिवसा अर्ज पोहोचविणे ही एकाच कामाची दोन अंगे होत.

ती वही आज विद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. जुन्या झालेल्या गोधड्यांवर आईने शिकविलेल्या मुली आजही नवे अस्तर चढवितात. माजी विद्यार्थी आता अनेक शहरांत पांगले आहेत. प्रत्येक शहराचा हिवाळा निराळा आणि फरशी सर्वत्र सारखीच गार. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. दिवाळी आटोपली की आपल्या भागात तीन रात्री फिरावे. नाव विचारावे. अंगाखाली काय आहे ते पाहावे. काय हवे ते त्याच माणसाच्या शब्दांत लिहून घ्यावे. बंद झोपडीत कोळशाची शेगडी पेटवून कोणी निजत असेल तर त्यास तसे करू देऊ नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूचा वासही येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. कुडकुडणाऱ्यास गोधडी द्यावी आणि कुडकुडेनासा झालेल्यासाठी तत्काळ १०८ ला फोन करावा. जे आज वसतिगृहात आहेत त्या विद्यार्थ्यांसाठी काम ठरलेलेच आहे. भोजनालयातील रिकामी पोती फेकू नयेत. धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, घडी करून ठेवावीत. तणसाचा टेम्पो मार्गशीर्षात येईल.

जयभीम.